चिल्लर शब्दांचा हिशेब

अलेक्झांडर हॅमिल्टनला ‘अपॉन’ हा शब्द फार आवडायचा. साध्या ‘ऑन’वर भागेल तिथेही तो ‘अपॉन’च लिही, हजार शब्दांमागे साधारण तीनदा. जेम्स मॅडिसनच्या लिखाणात हाच शब्द चार-पाच हजार शब्दांत जेमतेम एकदा सापडतो. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये या दोघांनी आणि जॉन जे यांनी मिळून वर्तमानपत्रांत ८५ लेख लिहिले. तिघांचं टोपणनाव एकच होतं, ‘पब्लियस’. पुढे १८०४ साली हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारला गेला, मॅडिसन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि १२ लेखांवरून वाद मात्र मागे राहिला. कोणता लेख कुणाचा याच्या दोघांच्या दोन याद्या होत्या, आणि हे बारा लेख दोन्हींत ज्याच्या त्याच्या नावावर होते.

इतिहासकारांनी दीडशे वर्षं विचारसरणी तपासली, दाखले तपासले. पण दोघे एकाच बाजूने, एकाच विषयावर, एकाच थाटात लिहीत होते. १९४१ साली फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञानं एका सहकाऱ्याबरोबर वाक्यांची लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टनचं सरासरी वाक्य ३४.५५ शब्दांचं आणि मॅडिसनचं ३४.५९ शब्दांचं निघालं! एवढी मोजदाद करून हाती असा आकडा आला की कुणीही वही मिटून घरी गेलं असतं. मोस्टेलर काही वर्षांनी परत आला, या वेळी डेव्हिड वॉलेसला घेऊन. आता त्यांनी वाक्यं सोडली आणि बारीकसारीक शब्द धरले. सुरुवातीला शब्द कागदाच्या लांब पट्टीवर टाइप करायचे, कात्रीनं सुटे करायचे आणि वर्णानुक्रमे लावायचे, असा प्रकार होता. खोलीत कुणी जोरात श्वास सोडला तरी दिवसभराचं काम हवेत उडे. १९६४ साली त्यांचं पुस्तक आलं. बाराच्या बारा लेख मॅडिसनचे, असा त्यांचा कौल होता.

‘सैन्य’, ‘कर’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द विषय मागतो म्हणून येतात. कुणीही लिहिलं तरी येणारच. ‘अपॉन’ विषय मागत नाही. तो हाताच्या सवयीतून येतो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. खिशातल्या नोटा आपण दोनदा मोजून देतो, चिल्लर मात्र न बघता पुढे सरकवतो. भाषेतही असंच आहे. भारदस्त शब्द आपण जपून वापरतो आणि चिल्लर शब्द ओघात सांडत जातो. माणसांच्या वागण्याचा शोध शब्दांतून घेणाऱ्यांनी गेल्या साठ वर्षांत प्रामुख्यानं ही सांडलेली चिल्लर गोळा केली आहे.

२०१३ साली याच युक्तीनं एक गंमत झाली. रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या लेखकाची एक गुप्तहेर कादंबरी आली होती. तो लेखक म्हणजे जे. के. रोलिंग असावी, अशी कुणकुण लंडनच्या ‘संडे टाइम्स’ला लागली. पॅट्रिक जुओला आणि पीटर मिलिकन या दोन अभ्यासकांनी संगणकावर कादंबरी तपासली. त्यांनी पाहिलं ते अगदी रटाळ सामान होतं : सगळ्यांत जास्त येणारे शंभर शब्द, शब्दांची लांबी, शब्दांच्या जोड्या. जादूगार नाही, शाळा नाही, घुबड नाही. अंदाज रोलिंगकडे झुकला आणि तिनं कबूल केलं.

लेखक ओळखणं हा तसा कोर्टकचेरीचा विषय. रोजच्या आयुष्यात ही चिल्लर काय सांगते, याचा पिच्छा पुरवला तो टेक्सास विद्यापीठातल्या जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं. त्याची सुरुवात भाषेपासून झालीच नव्हती. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यानं काही विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पण सगळ्यांना सारखाच गुण आला नाही. कुणाला आला, कुणाला नाही, हे त्यांच्या लिखाणावरून कळेल का? माणसांकडून वाचून घ्यायचं तर वाचणारे थकत, आणि एकमेकांशी जुळतही नसत. म्हणून त्यानं एक संगणकीय कारकून तयार केला. त्याच्याकडे शब्दांच्या याद्या असतात : सर्वनामं, अव्ययं, दुःखाचे शब्द, कारण सांगणारे शब्द. मजकूर दिला की प्रत्येक यादीतले शब्द शेकडा किती आले एवढंच तो सांगतो. अर्थ त्याला ओ की ठो कळत नाही.

अर्थ न कळणाऱ्या या कारकुनानं दाखवलं की गुण येणाऱ्या मुलांची सर्वनामं दिवसागणिक बदलत होती. एका दिवशी ‘मी’ जास्त, दुसऱ्या दिवशी ‘तो’, ‘ती’, ‘ते’. म्हणजे तीच गोष्ट मुलं वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून पाहत होती. जी चारही दिवस एकाच खुर्चीत बसून राहिली त्यांना लिहिण्याचा उपयोग कमी झाला.

मग सर्वनामांचा नादच लागला. दोघांच्या पत्रव्यवहारात जो हुद्द्यानं खाली तो ‘मी’ जास्त वापरतो, वरचा कमी वापरतो आणि ‘आम्ही-आपण’ जास्त. आपण सगळ्यांशी सारखं वागतो, अशी पेनेबेकरची स्वतःबद्दल समजूत होती. त्यानं स्वतःच्या ईमेल कारकुनापुढे टाकल्या. विद्यार्थ्यांना लिहिलेल्या पत्रांत ‘मी’ जवळजवळ नाही, आणि वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रांत ‘मी’च ‘मी’. विनंतीअर्ज आठवा : ‘मी आपला नम्र, मी असे निवेदन करतो की.’ साहेबाच्या उत्तरात असतं फक्त ‘पाहू’.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने, अशा चार महिन्यांतल्या १,०८४ अमेरिकी लोकांच्या इंटरनेटवरच्या रोजनिशा पेनेबेकरच्याच गटानं तपासल्या. हल्ल्यानंतर ‘मी’ एकदम खाली आला आणि ‘आम्ही’ वर चढला. या लोकांना कुणी प्रश्नावली दिली नव्हती, ‘तुम्हाला एकत्र आल्यासारखं वाटतं का’ असं विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी बरं दिसेल तेच उत्तर दिलं असतं, आपण सगळेच देतो. इथे माणसं आपापलं लिहीत होती आणि मोजणारे दोन महिने मागे जाऊन पाहू शकत होते. जुन्या पाहणीच्या पद्धतींना हे जमत नव्हतं.

स्टॅनफर्डचा भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफस्की यानं हॉटेलांची मेन्यूकार्डं गोळा केली. थोडीथोडकी नाहीत, ६,५०० कार्डं आणि त्यांतले साडेसहा लाख पदार्थ. पदार्थाच्या वर्णनातले शब्द सरासरीनं एका अक्षरानं लांबले तर किंमत १८ सेंटांनी वाढलेली दिसली. ‘चविष्ट’, ‘रुचकर’, ‘झकास’ ही विशेषणं मात्र स्वस्त पदार्थांना चिकटलेली होती. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो चव सांगत बसत नाही, गाव सांगतो. हे कळायला खरं तर स्टॅनफर्डला जायची गरज नाही. ‘देवगड हापूस’ एवढं लिहिलेल्या पेटीवर ‘गोड’ लिहिलेलं कुणी पाहिलं आहे?

जुराफस्कीच्याच गटानं हॉटेलांबद्दल लोकांनी लिहिलेले नऊ लाख अभिप्राय तपासले. तक्रारीत जेवण मिळमिळीत असल्याचं असेल असं आपल्याला वाटतं. एक तारा देणाऱ्यांच्या लिखाणात जेवण कमी आणि माणसं जास्त निघाली : ‘तो म्हणाला’, ‘तिनं पाहिलंही नाही’, ‘आम्ही थांबलो’, ‘आम्हाला सांगितलं’. भूतकाळ, तिऱ्हाईत माणसं आणि ‘आम्ही’. हा साचा अभ्यासकांनी आधी पाहिलेला होता. मोठा आघात झालेल्या माणसांच्या लिखाणात तो येतो. वेटरनं दुर्लक्ष केलं याला आघात म्हणणं अतिशयोक्तीचं, पण चारचौघांत झालेला अपमान माणूस कुठल्या भाषेत सांगतो ते यातून दिसतं.

थोडं थांबून एका मोठ्या मोजणीबद्दल. कॉर्नेल विद्यापीठातल्या स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये ८४ देशांतल्या २४ लाख लोकांच्या ५० कोटींहून अधिक ट्वीटचा अभ्यास मांडला. आनंदाचे शब्द सकाळी वर असतात, कामाच्या तासांत घसरतात, रात्री पुन्हा चढतात. सुट्टीच्या दिवशी सकाळचा चढ जवळजवळ दोन तास उशिरा येतो, कारण लोक उशिरा उठतात. यात नवल ते काय, असं वाटेपर्यंत एक बारकावा समोर येतो : संयुक्त अरब अमिरातींत तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारी असे, आणि तिथे आनंदाचा चढ त्याच दोन दिवशी होता. अभ्यास फक्त इंग्रजी ट्वीटचा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मला स्वतःला यांतलं सर्वांत वजनदार काम वाटतं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या पोलिसांवरचं. तिथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असतात. एप्रिल २०१४ या एका महिन्यात त्यांनी गाड्या थांबवल्या त्यांतल्या ९८१ प्रसंगांचं चित्रण अभ्यासाला घेतलं. त्या चित्रणातले फक्त पोलिसांचे शब्द उतरवून घेतले गेले. त्यांतली काही वाक्यं आधी माणसांना वाचायला दिली. समोरचा गोरा की काळा हे वाचणाऱ्यांना माहीत नव्हतं. वाक्य किती आदराचं वाटतं एवढंच सांगायचं होतं. त्यावरून संगणकाला शिकवलं आणि उरलेली हजारो वाक्यं त्याच्याकडून जोखून घेतली. ‘सर’, ‘मॅडम’, आडनावानं हाक, ‘थांबवल्याबद्दल माफ करा’ हे एका टोकाला. नुसत्या नावानं हाक, ‘हात स्टिअरिंगवर ठेव’ हे दुसऱ्या टोकाला. २०१७ साली आलेला निष्कर्ष असा : अत्यंत आदराचं वाक्य गोऱ्या चालकाच्या वाट्याला येण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी जास्त, आणि अत्यंत अनादराचं वाक्य काळ्या चालकाच्या वाट्याला येण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी जास्त. पोलीस कोणत्या वर्णाचा, गुन्हा किती गंभीर, वस्ती कोणती हे सगळं जमेस धरूनही फरक उरलाच. एकेक चित्रण पाहिलं तर कुठे शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. तक्रार करायला गेलात तर कुणी लिहूनही घेणार नाही. हजार प्रसंग शेजारी ठेवले तेव्हाच ते दिसलं.

ओकलंडच्या अभ्यासकांना आदर मोजायला एवढी यातायात करावी लागली, कारण इंग्रजीत ‘यू’ हे एकच. मराठीत तो क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असतो. सिग्नलवर हवालदार ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणतो की ‘गाडी बाजूला घे’, यात फरक एका जोडाक्षराचा. चारचाकीची काच खाली होते तेव्हा ‘घ्या’, मळक्या शर्टातला मुलगा जुन्या मोटारसायकलवर असतो तेव्हा ‘घे’. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बँकेतली खिडकी, सरकारी दवाखान्यातली रांग, दुकानातला मालक आणि पोऱ्या, वर्गातली पहिली आणि शेवटची बाकं, सगळीकडे ‘घ्या’ आणि ‘घे’ची वाटणी रोज चालू असते. इंग्रजीच्या मानानं आपली भाषा या बाबतीत मोजणाऱ्याच्या फार सोयीची आहे.

बाकी बाबतींत मात्र ती त्याला रडवते. पहिली अडचण : मराठीत चिल्लर सुटी मिळतच नाही. ‘अपॉन’ हा इंग्रजीत वेगळा उभा असतो, कात्रीनं कापता येतो. मराठीत ‘वर’ नामाला चिकटून ‘टेबलावर’ होतो. ‘घरातल्यांनीसुद्धा’ हा छापायला एक शब्द, त्याच्या पोटात चार-पाच तुकडे. यंत्राला मोजण्याआधी शब्दाची फोड करायला शिकवावं लागतं. आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटानं मराठीचं शब्दजाळं उभं केलं, पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटानं २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटांवर सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशा खुणा हातानं करून तो संच सर्वांना खुला केला. अशी पायाभरणी झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

दुसरी अडचण : आपण ‘मी’ म्हणतच नाही. ‘काल आलो’, ‘जेवले’, ‘विसरलो’. मी क्रियापदात विरघळून गेलेला असतो. पेनेबेकरचा कारकून मराठी माणसाला जगातला सर्वांत निःस्वार्थी प्राणी ठरवेल. आणि ‘येतो’ हे क्रियापद घ्या. मी येतो की तो येतो? वर दाराशी चपला घालून ‘येतो हं’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात चाललेला असतो. यंत्रानं काय समजायचं?

तिसरी गोष्ट अडचण नव्हे, संपत्ती आहे. इंग्रजीचा ‘वी’ एकच. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा आणि आत घेणारा. हा भेद अनेक द्रविड भाषांत आहे, गुजरातीत आहे, हिंदीत नाही. अमेरिकी रोजनिशांत हल्ल्यानंतर ‘वी’ वाढला. तो कोणता ‘वी’, हे इंग्रजीतून कळणार नाही. हॉटेलच्या तक्रारीतला ‘आम्ही’ आहे हे उघड, वेटरला कोण आत घेतो? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात तर यावरून हवामान कळतं. सेक्रेटरी लिहितात, ‘आपण पाणी जपून वापरू या.’ उत्तर येतं, ‘आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरतो.’ विषय पाण्याचा होता, पण भिंत कुठे आहे ते दोन सर्वनामांनी सांगितलं. कचेरीतला ‘आपण’ आणखी वेगळा. साहेब म्हणतात, ‘हे आपण आजच संपवू,’ तेव्हा सहा वाजता निघणाऱ्यांत साहेब असतात.

दोन भाषा बोलणाऱ्यांची चिल्लर आणखी मजेदार. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१६ साली हिंदी-इंग्रजी दोन्ही वापरणाऱ्यांचे ४ लाख ३० हजार ट्वीट तपासले. नाराजी व्यक्त करायला आणि शिव्या द्यायला लोक हिंदीकडे वळतात असं दिसलं. मराठीचीही मोजणी व्हावी. ‘थँक्यू’, ‘सॉरी’, ‘कॉन्ग्रॅट्स’ इंग्रजीत आणि भांडण मातृभाषेत, ही वाटणी माझ्याही घरात आहे.

आता उलटी बाजू. ‘मी’ मोजून माणूस ओळखायचा, या कल्पनेला एव्हाना बराच चाप बसला आहे. सारखं ‘मी-मी’ करणारा आत्मकेंद्री, हे आपलं सर्वांचं मत. २०१५ साली अमेरिका आणि जर्मनीतल्या ४,८११ लोकांच्या बोलण्या-लिहिण्याची मोजणी प्रसिद्ध झाली, आणि आत्मप्रौढी व ‘मी’चा वापर यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. खिन्नतेशी ‘मी’चा संबंध आहे, पण क्षीण. हजारो लोकांत तो कल म्हणून दिसतो. समोरच्या एका माणसाच्या चार संदेशांवरून ‘तू खचला आहेस’ म्हणणं ही ज्योतिषाची जात झाली. नोकरीला घेताना किंवा कर्ज देताना अर्जदाराची भाषा यंत्राकडून तपासून घेणाऱ्यांनी एवढं तरी वाचलेलं असावं.

गर्दीच्या बाबतीतही फसगत होते. लोक गूगलवर काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ ओळखण्याची सेवा २००८ साली सुरू झाली, तिचं फार कौतुक झालं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दुपटीनं जास्त निघाला. २०१५ साली सेवा बंद झाली. बातम्यांनी घाबरलेला निरोगी माणूस आणि तापानं फणफणलेला माणूस सर्चच्या चौकटीत एकच शब्द टाइप करतात.

हे सगळं वाचल्यावर मी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटाचा दोन वर्षांचा मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतला आणि मोजायला बसलो. पहिला दिवस ‘नाही’ गोळा करण्यात गेला : नाही, नाय, नाई, आणि रोमन लिपीतली त्याची आणखी पाच रूपं. ‘मी’ अपेक्षेप्रमाणे फारसा सापडला नाही. संमतीचे शब्द मोजताना माझी मोठी मावशी सर्वांत पुढे निघाली. गटात तिच्याइतकं ‘बरं’ कुणी लिहिलेलं नाही. आकडा पाहून मी तक्त्यात तिच्या नावापुढे ‘सर्वांत अनुकूल सदस्य’ असं लिहिलं आणि बायकोला दाखवलं. तिनं तक्ता बाजूला सारला, फाइल वर सरकवत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लग्नाचा हॉल बदलल्याचं सगळ्यांना कळवलं त्या दिवशीची ती ओळ. मावशीनं लिहिलं होतं ‘बरं.’ पूर्णविरामासकट. त्यानंतर गटात पाच दिवस कुणीही काही लिहिलेलं नव्हतं.